अक्कांचं दार

पुण्या-मुंबईची माणसं हसतील, पण आमच्या अक्कांसाठी जळगाव म्हणजे फार मोठं शहर होतं. अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना घरीदारी सगळे अक्काच म्हणायचे, पोटची मुलंसुद्धा. भडगावजवळ गिरणेच्या काठी एक खेडं आहे, तिथे त्यांचं सगळं आयुष्य गेलं. सासरे गेल्यावर काही दिवस त्या गावच्या घरात एकट्या राहिल्या. मग गुडघ्यांनी दगा दिला, आणि माझ्या नवऱ्याने त्यांना आमच्या जळगावच्या फ्लॅटवर आणलं. तिसरा मजला. लिफ्ट मनात आलं तर चालायची. पहिल्याच दिवशी अक्कांनी गॅलरीत उभं राहून समोरच्या इमारतींच्या बंद खिडक्या बराच वेळ न्याहाळल्या आणि त्या आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "इतला लोके ऱ्हातस आठे, नि एक बी तोंड दिखस नही."

मी म्हटलं, "दिसतील हळूहळू." मला स्वतःला त्या इमारतीत येऊन किती तरी वर्षं झाली होती, आणि मला समोरच्या दारावरची पाटी सोडून फारसं काही दिसलं नव्हतं. पण ते कशाला सांगा.

पुढचं समजायला आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. खान्देशात कुणाकडे मयत झाली की त्या घरी भेटायला जावं लागतं. त्याला आम्ही 'दारावर जाणं' म्हणतो. बायका गल्लीच्या कोपऱ्यापासूनच पदर तोंडावर ओढून हेल काढून रडायला लागतात. आवाज ऐकून घरातल्या बायका उठतात, गळ्यात गळा घालून सगळ्या रडतात, मग पाणी, मग सतरंजीवर बसून 'कसं झालं' ते ऐकायचं. मयताच्या घरी चूल पेटत नाही, जेवण शेजारचे आणतात. आणि निघताना 'येते' म्हणायचं नाही. घरातल्यांनीही 'पुन्हा या' म्हणायचं नाही. असल्या कारणासाठी पुन्हा येणं कुणाला नको असतं. गुपचूप उठायचं आणि चपला घालायच्या. लग्नाला कुणी आलं नाही तर लोक दोन दिवस बोलतात आणि विसरतात. दारावर आलं नाही, तर नातं कायमचं थंड पडतं.

मी धुळ्याची. माहेरी हे सगळं होतंच, आणि मला त्याचा मनापासून राग होता. माझी आई गेली तेव्हा मी कॉलेजात होते. दिवसभर बायका यायच्या, माझ्या गळ्यात पडायच्या. कुणाच्या तोंडाला तंबाखूचा वास, कुणाच्या बांगड्या मानेला टोचायच्या, आणि रडणं संपलं की त्याच बायका पाणी पिऊन पोरांच्या ॲडमिशनचं बोलायच्या. मला एकटीला रडायचं होतं. ते कुणी करू दिलं नाही, आणि सगळ्यांबरोबर रडायला मला जमलं नाही. शेवटी मी स्वयंपाकघराची कडी लावून बसले. त्यानंतर मी कुणाच्याच दारावर गेले नाही. नवऱ्याकडच्या मयतीला तोच जायचा, मी शाळेची सबब सांगायचे. मी शाळेत गणित शिकवते, आणि परीक्षा तर बारा महिने असतातच.

थंडीचे दिवस होते. मी आणि अक्का तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. शेंगा सोलता सोलता त्यांनी सहज विचारलं, "मन्हा दारवर कोन ई वं?"

"तुमच्या दारावर कोण येईल? असं अभद्र काय बोलता अक्का?"

"अभद्र काय त्यामा? मानूस मरसच. पन मरी गया नि दारवर कोनीच उनं नही, तं तो जितला दिन जगना त्यानं काय?"

मी म्हटलं, "तुमचं सगळं गावालाच होणार ना. गाव येईल की."

"गावले नेजात मले, गिरनाना काठवर," त्या म्हणाल्या. "आठे शहरमा कोन वळखस?" मग दाणे वाटीत टाकत राहिल्या. त्यांच्या डोक्यातून ते गेलेलं नव्हतं, हे मला नंतर कळलं.

एकदा भाजी घेऊन आम्ही परत येत होतो. एका गल्लीत मांडव होता, खाली प्लास्टिकच्या खुर्च्या, पुरुष रुमाल हातात धरून बसलेले. अक्का थबकल्या. मी काही म्हणायच्या आत त्यांनी पदर पुढे ओढला आणि त्या गल्लीत वळल्या. एरवी जिना चढताना पायरीपायरीला कण्हणारी बाई! दारावर जायचं म्हटलं की ते गुडघे कुठे जायचे देव जाणे. मी वांग्यांची पिशवी घेऊन कोपऱ्यावर उभी. ओळख ना पाळख, आणि आतून अक्कांचा हेल ऐकू येतोय. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. बऱ्याच वेळाने त्या बाहेर आल्या, तर त्या घरातली एक बाई त्यांना हात धरून रिक्षापर्यंत सोडायला आली. गेलेल्याच्या बायकोच्या माहेरकडच्या बायकांना वाटलं होतं की ही सासरकडची, आणि सासरकडच्यांना वाटलं ही माहेरची. विचारलं कुणीच नाही.

रिक्षात मी रागातच विचारलं, "तुमचं कोण होतं ते?"

"कोनी नही."

"मग कशाला गेलात?"

"एक बाई कोपरामा एकलीच बशेल व्हती. तिना जोडे कोनी बसेना," अक्का म्हणाल्या. "मंग मी बसनी." ती गेलेल्या माणसाची बहीण होती, नवऱ्याने टाकलेली, भावाकडे राहणारी. भाऊ गेला. आता जवळ बसून 'तुझं पुढे काय' हे कोण विचारणार, म्हणून बाकीच्या लांब बसल्या होत्या. अक्कांना एवढं सगळं तेवढ्या वेळात कळलं होतं.

मग हा प्रकार सुरूच झाला. आमच्या भागात कुठे मांडव दिसला, कुठल्या दारासमोर चपलांचा ढीग दिसला, की अक्का आत. मी आणि नवरा आपसात त्याला 'अक्कांचा दौरा' म्हणायचो. मी चिडायचे, भांडायचे, 'लोक काय म्हणतील' असं शंभर वेळा म्हणायचे. लोक काय म्हणत होते ते मला बाजारात दिसायला लागलं. मेथीवाली बाई मला ओळखत नव्हती, पण अक्कांना बसायला स्वतःचं पोतं सरकवून द्यायची. तिची सून बाळंतपणात गेली होती. ती कोपऱ्यातली बहीण एका शिलाईच्या दुकानात कामाला लागली होती, ती रस्त्याच्या पलीकडून 'अक्का!' अशी हाक मारायची. नवरा एकदा म्हणाला, "अक्का, तू आता नगरसेवकाला उभी राहा." अक्का हसल्या, पण त्यांना ते आवडलं असावं. मला मात्र थोडा हेवा वाटला, हे खरं आहे.

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये झारखंडकडचं एक जोडपं राहत होतं. तो एमआयडीसीतल्या एका कारखान्यात, ती घरी, कडेवर बाळ. तिची माझी ओळख कचऱ्याच्या डब्यापुरती होती. सकाळी दोघी एकदमच डबा बाहेर ठेवायचो, एकमेकींकडे पाहून हसल्यासारखं करायचो आणि दार लावून घ्यायचो. एके दिवशी कामवाल्या बाईने सांगितलं, समोरच्या ताईंची आई आठवड्यापूर्वी वारली, तिकडे गावी. बाळ लहान, गाडीचा प्रवास लांबचा, पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असणार, म्हणून ती गेलीच नाही. मी संध्याकाळी चहा घेता घेता अक्कांना हे सांगितलं. उगीच, बातमी सांगावी तसं.

अक्कांनी कप खाली ठेवला. "तिनी माय मरी गयी, नि तू आठे चहा पेस?"

"अक्का, ती आपल्यातली नाही. त्यांच्यात असं काही नसेल."

"माय तं व्हती ना?"

आणि पदर ओढून त्या उठल्या. आमच्या उंबऱ्यापासूनच त्यांनी हेल काढला. "माय वं माय, कोठे गयी वं माय..." मधली जागा ती केवढी, चार पावलांची. पण जिन्यात तो आवाज असा घुमला की वरखाली दारं उघडली. समोरचीने दार उघडलं तेव्हा ती घाबरलेली होती, कडेवर बाळ. अक्कांनी तिच्या गळ्यात हात टाकले. ती लाकडासारखी ताठ उभी. मी आमच्या अर्ध्या उघड्या दारात, शरमेने मान खाली घालून. वाटलं, आता ही आम्हाला हाकलणार.

मग तिचे खांदे हलले. बाळ मी घेतलं, कारण तिच्या हातातून ते निसटायला लागलं होतं. ती अशी रडली की मला ऐकवेना. ते रडणं आठवडाभर त्या बंद दाराआड होतं आणि मला समोर राहून पत्ता नव्हता.

सोसायटीचे सेक्रेटरी धावत वर आले. आवाजाबद्दल नोटीस लावण्यात त्यांचा हातखंडा. "काय झालं? कोण गेलं?"

"हिची आई," मी म्हटलं.

"कुठे? इथे?"

"तिकडे. झारखंडला."

"मग इथे कशाला..." म्हणून ते थांबले. दोघींकडे एकदा पाहून चपला न वाजवता खाली गेले.

अक्का उठल्या तेव्हा ती डोळे पुसत दारापर्यंत आली आणि म्हणाली, "अम्मा, फिर आना."

अक्कांच्या अंगावर काटाच आला. घरात येऊन मला म्हणाल्या, "दारवर आसं म्हनतस नही वं. पन तिले काय माहीत? पोर शे." आणि दुसऱ्या दिवशी तिच्याकडे पिठलं-भाकरी घेऊन पुन्हा गेल्या. मग रोजच जायला लागल्या. ती हिंदीत बोलायची, अक्का अहिराणीत, आणि दोघींचं दुपारभर चालायचं. मी शाळेतून आले की दोन्ही दारं उघडी असायची आणि बाळ या घरातून त्या घरात रांगत असायचं. त्या जिन्यात उघडी दारं मी पहिल्यांदाच पाहत होते.

पुढच्या थंडीत अक्का बाथरूमपाशी कोसळल्या. मेंदूत रक्तस्राव, डॉक्टर म्हणाले. दवाखान्यात त्या पुन्हा बोलल्याच नाहीत. एका सकाळी गेल्या. त्यांचं म्हणणं ठरलेलं होतं, दिरांचंही तेच. थेट गावाला न्यायचं. मी कपडे घ्यायला तेवढी फ्लॅटवर आले, तर समोरची दारातच उभी होती. मी म्हटलं, "अम्मा गयी. हम गाँव जा रहे हैं." ती म्हणाली, "मैं भी चलूँ?" मी म्हटलं, बाळ आहे, नको, गाडीत जागा नाही. कुलूप लावलं आणि जिना उतरले.

गावाला अग्नी दिला तेव्हा माणसं होती. भाऊबंद होते, शिवारातून माणसं आली होती. पण दार खरं सुरू होतं ते त्यानंतर. आम्ही ओसरीवर सतरंज्या टाकून बसलो. अर्ध्या गल्लीला कुलपं. पोरं पुण्याला, सुरतेला, नाशिकला. ज्या बायकांच्या दारावर अक्का आयुष्यभर गेल्या, त्या बायकाच उरल्या नव्हत्या. त्यांच्या सुना-मुलं गाडी करून यायची, 'कसं झालं?' विचारायची, मोबाईल पाहायची, आणि ड्युटीचं सांगून निघायची. बाकीच्यांनी ग्रुपवर हात जोडल्याची चित्रं पाठवली. त्यांना नावं ठेवायला मी कोण? मीही तेच करत आले होते.

एक म्हातारी काठी टेकत आली. अक्कांच्या बरोबरीची, एकाच सालात दोघी लग्न होऊन गावात आलेल्या. भिंतीला टेकून बसली. हेल काढायला तिच्यात आवाज नव्हता. नुसती म्हणाली, "बठ्ठ्या ग्यात. मी एकलीच ऱ्हायनी." मी तिला पाणी दिलं. ते तिने हातात धरून ठेवलं आणि प्यायली नाही.

मला सांगायला लाज वाटते, पण मी त्या दिवसांत गल्लीच्या कोपऱ्याकडे कान लावून बसायचे. जिला ते रडणं लहानपणापासून नको होतं, ती मी, कुणीतरी कोपऱ्यावर पदर ओढावा आणि हेल काढावा म्हणून वाट पाहत होते. दुपारची शांतता, ट्रॅक्टरचा आवाज, आणि काही नाही. 'मन्हा दारवर कोन ई वं?' मी त्यांना छातीठोकपणे सांगितलं होतं, गाव येईल. गाव आलं नाही. गाव तिथे उरलंच नव्हतं. मला फार वाईट वाटत होतं आणि डोळ्यांतून टिपूस येत नव्हता. आईच्या वेळची कडी अजून लागलेलीच होती.

तेरावं झालं. नवरा दिरांबरोबर कागदपत्रांसाठी मागे थांबला आणि मी एसटीने जळगावला परतले. दुपार होती. लिफ्ट बंद. बॅग ओढत तिसऱ्या मजल्यावर पोचले, तर समोरच्या दाराबाहेर बायकांच्या चपलांचा ढीग आणि शेजारी सोसायटीच्या ऑफिसातल्या दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. आतून बायकांचा आवाज. माझं डोकंच फिरलं. आमच्या घरात मयत होऊन पंधरा दिवस नाही झाले, आणि हिच्याकडे भिशी? जिच्यासाठी अक्का आकांत करून रडल्या, तिला तेवढीही चाड नसावी? दोन शब्द सुनवायचे म्हणून मी तशीच, बॅग हातात घेऊन, तिच्या उघड्या दारात उभी राहिले.

आत सतरंजी टाकलेली होती. दाराशी पाण्याचा तांब्या आणि पेला. सतरंजीवर मेथीवाली होती. शिलाईच्या दुकानातली ती बहीण होती. बाकीच्या काही मला बाजारातून ओळखीच्या, काही अजिबात नाही. आणि घरातल्या बायका बसतात तशी, भिंतीशी, डोक्यावर पदर घेऊन समोरची बसलेली होती.

सगळ्या माझ्याकडे पाहायला लागल्या. समोरची उठून आली. तिला वाटलं मी रागावले. ती घाईघाईने सांगायला लागली, "भाभी, बाजार में खबर पहुँच गई थी, ये लोग रोज आती हैं. आपका ताला देखकर सीढ़ी पर ही बैठ जाती थीं, वहीं रोती थीं. मैंने सोचा, अम्मा का दरवाजा बंद कैसे रहेगा? तो मैंने अपना खोल दिया." खुर्च्या सेक्रेटरींनी स्वतः वर आणून ठेवल्या होत्या, ज्यांना खाली बसवत नाही त्यांच्यासाठी. जिन्यात हेल काढून रडणं चाललं होतं, तरी त्यांनी नोटीस लावली नव्हती.

मी बॅग खाली ठेवली. मेथीवालीने पदर तोंडावर ओढला आणि हेल काढला. तोच, अक्कांचा. जिन्यात घुमला. कोपऱ्यातल्या बहिणीने त्यात सूर मिसळला. आणि समोरचीने, जिला हे काही माहीत नव्हतं, जी हे एकदाच, आमच्या अक्कांकडून शिकली होती, तिने पुढे येऊन माझ्या गळ्यात हात टाकले. ती घरची होती आणि मी बाहेरून आलेली. मी माझ्याच सासूच्या दारावर पाहुणीसारखी उभी होते. तिच्या बांगड्या माझ्या मानेला टोचत होत्या, आणि मी रडले. अक्कांसाठी रडले. मग मध्येच कुठेतरी माझी आई आली, आणि मी तिच्यासाठीही रडले, इतक्या बायकांच्या समोर, तोंड न झाकता. कडी लावायला तिथे स्वयंपाकघर नव्हतं आणि मला ते नकोही होतं.

नंतर पाणी झालं. मला मध्ये बसवून त्यांनी विचारलं, कसं झालं, आणि मी पहिल्यापासून सांगितलं. मेथीवाली म्हणाली, "आम्हाले वाटनं, तुम्ही दार गावलेच ठेवशात, पन आमना पाय आठेच वळनात." मी मान हलवली. त्यांना काय सांगणार, गावाला काय झालं ते. मला सारखं वाटत होतं की हे अक्कांना सांगायला हवं. आता घरात जावं, गॅलरीत त्या बसलेल्या असतील, आणि सांगावं, अक्का, तुमच्या दारावर बायका आल्या हो, जिन्यात बसून रडल्या. विचारलं होतं ना तुम्ही, कोण येईल? त्या एका प्रश्नाचं उत्तर माझ्या हातात होतं, आणि ते ज्यांना द्यायचं त्यांची राख मी गिरणेत सोडून आले होते.

ऊन उतरलं तशा बायका एकेक करून उठल्या. 'येते' कुणी म्हटलं नाही. गुपचूप चपला घातल्या आणि जिना उतरल्या. शेवटी मी उठले, बॅग घेतली, पर्समध्ये आमच्या कुलपाची किल्ली शोधली. समोरची दारापर्यंत आली. डोळे पुसत नेहमीच्या सवयीने म्हणाली, "भाभी, फिर आना."

दारावर असं म्हणत नाहीत, हे मी तिला सांगितलं नाही.

"येते," मी म्हटलं.